बोरिवलीच्या जंगलात पहिल्यांदा पायवाट धरताना

नॅशनल पार्क, म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बहुतेक मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. सफारीच्या गाडीतून वाघ-सिंह, मग कान्हेरीची लेणी, डबा खायचा आणि परत. जंगल बघायचं राहूनच जातं, कारण ते त्या डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आतल्या पायवाटांवर आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचा हा हिरवा पट्टा एकीकडे बोरिवली-गोरेगावला आणि दुसरीकडे ठाणे-मुलुंडला टेकलेला आहे. विहार आणि तुळशी हे दोन तलाव त्याच्या पोटात आहेत. सफारीतले वाघ-सिंह बंदिस्त असतात, पण बाहेरच्या मोकळ्या रानात बिबट्या, सांबर, चितळ, भेकर, रानडुक्कर, उदमांजर असं सगळं खरंखुरं रान नांदतं आहे.

या वाटांवर नव्या माणसांना नेताना तेच ते प्रश्न येतात. परवानगी कुठे काढायची, बिबट्या दिसेल का, मुलांना आणलं तर चालेल का, पावसात जावं का. उत्तरं जिथे-तिथे विखुरलेली असतात आणि त्यातली निम्मी चुकीची असतात. म्हणून क्रमाने लिहितो आहे.

१. कोणत्या दाराने आत जायचं ते आधी ठरवा

जंगल एकच असलं तरी दारं अनेक आहेत आणि प्रत्येक दारामागचा अनुभव वेगळा आहे.

बोरिवली पूर्वेचं मुख्य प्रवेशद्वार नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचं. बोरिवली स्टेशनवरून रिक्षाने किंवा चालत जाता येतं. मेट्रो ७ ने आलात तर ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकावर उतरायचं, प्रवेशद्वार जवळच आहे. निसर्ग माहिती केंद्र याच बाजूला आहे आणि बहुतेक मार्गदर्शित पदभ्रमणं इथूनच निघतात.

ठाण्याच्या बाजूने येऊर. पक्षी पाहणाऱ्यांचं हे लाडकं दार आहे. रस्ता चढणीचा, दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये आदिवासी पाडे.

गोरेगावला चित्रनगरीच्या आवारात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था इथल्या रानात माहितगार माणसांबरोबर फेऱ्या आयोजित करते. लहान मुलं बरोबर असतील, तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. चाल कमी असते आणि मुलांना प्रश्न विचारायला भरपूर वेळ मिळतो.

चौथं दार नागला. वसईच्या खाडीपलीकडे, अहमदाबाद महामार्गावरच्या ससूनवघरजवळ उद्यानाचा हा वेगळा पडलेला तुकडा आहे. एका हाताला डोंगरउतार आणि दुसऱ्या हाताला खारफुटी, असा देखावा मुख्य भागात कुठेच नाही. पण स्वतःचं वाहन लागतं आणि ऊन फार लागतं. पहिल्याच खेपेला तिथे जाऊ नका.

उद्यान दर सोमवारी बंद असतं. सुट्टी सोमवारी आली म्हणून उत्साहाने निघालेली माणसं गेटवरून परत फिरताना दर वर्षी दिसतात.

२. परवानगी काढा, गेटचं तिकीट म्हणजे परवानगी नव्हे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मुख्य गेटवर मिळणारं तिकीट तुम्हाला पर्यटन भागात फिरू देतं, म्हणजे डांबरी रस्ता, उद्यानाचा मोकळा भाग आणि कान्हेरीपर्यंतची वाट. कान्हेरीत शिरायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. रस्ता सोडून आतल्या पायवाटेला लागायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि बरोबर अधिकृत मार्गदर्शक, दोन्ही हवेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं सांगून सुटका होत नाही.

परवानगीचे दोन मार्ग आहेत. एकटे-दुकटे असाल तर निसर्ग माहिती केंद्राने किंवा एखाद्या निसर्गसंस्थेने जाहीर केलेल्या फेरीत नाव नोंदवायचं. परवानगीचं काम तेच बघतात, तुम्ही वेळेवर पोहोचायचं. शाळा, कॉलेज, ऑफिस किंवा सोसायटीचा गट असेल तर तारीख, वाट आणि माणसांची संख्या लिहून आधी अर्ज द्यायचा. शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा अर्ज आदल्या दिवशी नेऊन उपयोग नाही. शुल्क आणि वेळा बदलत असतात. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा केंद्रात विचारूनच पैसे भरा.

जवळ ठेवायचे कागद:

- प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र, मूळ किंवा मोबाइलमधलं
- नोंदणीची पावती किंवा परवानगीचं पत्र, छापील असेल तर उत्तम, कारण आत नेटवर्क जातं
- गट असेल तर नावांची यादी, वयं आणि घरच्यांचे मोबाइल नंबर
- कॅमेऱ्यासाठी वेगळं शुल्क भरलं असेल तर त्याची पावती
- दमा, मधुमेह, मधमाशीची ॲलर्जी असलं काही असेल तर त्याची चिठ्ठी आणि औषध खिशात. मार्गदर्शकाला निघण्याआधीच सांगून ठेवा

आता सापळा. पाऊस सुरू झाला की व्हॉट्सॲपवर ‘सिक्रेट वॉटरफॉल ट्रेक’ची पोस्टर्स फिरू लागतात. पैसे घेतले जातात, जमायची जागा एखाद्या पाड्यामागची असते आणि वेळ गेट उघडण्याआधीची असते. आयोजकाला दोनच प्रश्न विचारा: परवानगी कोणत्या नावाने आहे आणि मार्गदर्शक उद्यानाचा आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांवर वनखात्याची बंदी असते, आणि ती बुडून मेलेल्या मुलांमुळे घालावी लागली आहे. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली तुमच्यापर्यंत काही मिनिटांत पोहोचतो. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं.

तुळशी आणि विहार तलावांचंही तसंच. विहार १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली, आणि आजही हे मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. काठावर जायला मनाई आहे. दोन्हीत मगरी आहेत, हेही लक्षात असू द्या.

३. पहिली वाट: शिलोंडा घ्या

बोरिवलीहून निघणाऱ्या वाटांमध्ये नवख्याला मी डोळे मिटून शिलोंडा सुचवतो. चढ फारसा नाही, सावली आहे, ओढ्याची सोबत आहे, आणि थोड्याशा अंतरात बांबू, सागाचं रान, खडकाळ पात्र असे जंगलाचे तीन-चार चेहरे दिसतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ही वाट फुलपाखरांनी आणि कोळ्यांनी गजबजलेली असते. दोन झाडांच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर हाताएवढं जाळं आणि त्यात पिवळे ठिपके असलेला काळा कोळी दिसला तर घाबरू नका. जायंट वुड स्पायडर आहे तो. वाकून खालून जा, जाळं मोडू नका.

कान्हेरीची वरची वाट दुसऱ्या खेपेसाठी. बेसाल्टमध्ये कोरलेल्या शंभराहून जास्त लेण्यांमधून कातळातल्या पायऱ्या चढत माथ्यावर जायचं. येताना पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी बघा. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी खोदलेल्या चरांमधून टाक्यांत कसं उतरवलं होतं ते पावसाळ्यात डोळ्यांदेखत कळतं, आणि भिक्खूंनी वस्तीसाठी हा डोंगर का निवडला असेल तेही.

जांभूळमाळ हे उद्यानाचं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे ४६८ मीटर. स्वच्छ हवेच्या दिवशी वरून तलाव आणि त्यांच्यापलीकडचं शहर दोन्ही दिसतात. दमवणारी चढण आहे. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांना काही वाटणार नाही, पण आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याने एक-दोन सोप्या वाटा करून मगच नाव नोंदवावं.

४. कोणत्या महिन्यात काय बघायचं

‘जंगल कधी चांगलं असतं’ असं लोक विचारतात. बारा महिने चांगलं असतं. फक्त बघायच्या गोष्टी बदलतात.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर नवरंग येतो. जमिनीवर पाचोळ्यात फिरणारा, नऊ रंगांचा, मुठीएवढा पक्षी. दिसायला कठीण, पण सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची स्पष्ट शीळ येऊरच्या रस्त्यावर हमखास ऐकू येते. पावसाच्या तोंडावर काजवेही असतात, पण रात्री जंगल बंद असतं. त्यासाठी आत घुसू नका.

जुलै ते सप्टेंबर हा किड्यांचा, बेडकांचा, अळंब्यांचा काळ. तळहातापेक्षा मोठा अ‍ॅटलास पतंग याच दिवसांत झाडाच्या खोडावर गप्प बसलेला सापडतो. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी हा एक आहे आणि तो मुंबईत राहतो. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, जेमतेम काही दिवस जगतो. म्हणून फोटोसाठी त्याला उठवू नये.

कारवीसाठी मात्र धीर धरावा लागतो. ही झुडपं आठ वर्षांनी एकदाच फुलतात, तीही सगळी मिळून. इथे ती २०१६ साली फुलली आणि मग २०२४ साली. ज्यांचं हुकलं त्यांनी २०३२ चा ऑगस्ट-सप्टेंबर मोकळा ठेवावा. तोवर उतारांवरचं तिचं खरखरीत पानांचं दाट रान ओळखायला शिका, म्हणजे फुलल्यावर कुठे जायचं ते माहीत असेल.

ऑक्टोबरचं ऊन माणसांना नकोसं होतं आणि फुलपाखरांना हवंसं. खुळखुळ्याच्या झुडपांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर यांचे थवेच्या थवे लगडतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन सावलीतल्या वाटेवर, ओलसर मातीजवळ शोधा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पाहुण्या पक्ष्यांचे महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते आणि पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात. माझा स्वतःचा आवडता महिना मार्च. पानं नसल्यामुळे दूरवरचं दिसतं, आणि फुललेल्या सावरीखाली अर्धा तास नुसतं बसलं तर मैना, बुलबुल, भृंगराज, हळद्या, खारी असे सगळे मधासाठी येऊन जातात. कोवळ्या लाल पालवीने पेटलेलं कुसुंबाचं झाडही याच दिवसांत दिसतं.

५. अंगावर काय, पाठीवर काय

अंगावर पूर्ण लांबीची पँट, लांब बाह्यांचा शर्ट, मातकट किंवा गडद हिरवा रंग. पांढरे आणि भडक कपडे नकोत, आणि अत्तर तर अजिबात नको. पायात पकड असलेले बूट. ओल्या कातळावर शेवाळ असतं. जुना, तळ घासलेला स्पोर्ट्स शू त्यावर टिकत नाही. पावसात छत्रीपेक्षा पोंचो बरा, हात मोकळे राहतात.

पाठीवर:

- माणशी दोन लिटर पाणी, स्टीलच्या किंवा पुन्हा वापरायच्या बाटलीत
- कोरडा खाऊ डब्यात. वेष्टनं आणि प्लास्टिक पिशव्या घरीच काढून या
- ओआरएसची पाकिटं, बँडेज, अँटिसेप्टिक, चिमटा
- टोपी, छोटी टॉर्च, शिट्टी
- दुर्बीण, आठपट मोठं दाखवणारी पुरते, त्याहून जास्त ताकदीची नवख्याच्या हातात हलते
- वही आणि पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही

ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन, दारू, सिगारेट, पाळीव कुत्रा यांतलं काहीही आणू नका.

६. चालायचं कसं, बघायचं कसं

नवखा माणूस जंगलात समोर बघत चालतो. त्याला झाडं दिसतात आणि तासाभरात कंटाळा येतो. ‘काहीच दिसलं नाही’ हे वाक्य मी सर्वांत जास्त त्यांच्याकडून ऐकलं आहे जे सर्वांत भरभर चालले.

शंभर पावलं चाला, मग थांबा. थांबल्यावर आधी ऐका. टुक-टुक-टुक असा न थांबणारा आवाज आला तर तो तांबट. वरून आलेली लांब, चढत जाणारी शीळ सर्पगरुडाची, मान वर करा. मग जमीन बघा. ओढ्याकाठच्या चिखलात आणि धुळीच्या वाटेवर रात्रीची सगळी रहदारी उमटलेली असते. दोन टोकदार अर्ध्या बदामांसारखे ठसे खुरवाल्यांचे, मोठे असतील तर सांबर, अगदी लहान असतील तर भेकर. गोलसर ठसा, चार बोटं, मागे रुंद गादी आणि नखांची खूण नसेल तर मांजरकुळातला प्राणी. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. वाटेच्या मधोमध केसांनी भरलेली, पिळदार, वाळून पांढुरकी झालेली विष्ठा दिसली तर बिबट्याने हद्द सांगून ठेवली आहे. हात लावू नका, पण वाकून नीट बघा.

त्यानंतर खोडं, पानांची खालची बाजू, पडलेली लाकडं. दगड उलटू नका. त्याखाली विंचू असतो किंवा कुणाची तरी अंडी असतात.

आणि कान सतत उघडे ठेवा. वानराचा खोकल्यासारखा आवाज, चितळाची तीक्ष्ण किंचाळी, सांबराची घोगरी, हॉर्नसारखी हाक एकापाठोपाठ एक येऊ लागली की मार्गदर्शक हात वर करून सगळ्यांना थांबवतो. तेव्हा जागेवर उभं राहायचं. कुजबुजही नको. अशा वेळी बिबट्या दिसला नाही तरी तो कुठून कुठे चालला आहे हे आवाजांवरून कळतं, आणि एकदा ते कळलं की माणसाचं जंगलाशी नातं बदलतं.

पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवायची पद्धत पडली आहे. विणीच्या काळात नर ते आव्हान समजून घरटं सोडून येतो. हे करू नका, आणि कुणी करत असेल तर स्पष्ट सांगा.

७. बिबट्याबद्दल

२०१५ साली कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून केलेल्या गणनेत उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले, आणि २०१८ साली ४७. इतके बिबटे एवढ्या माणसांशेजारी राहूनही दिवसा वाटेवर तो दिसणं दुर्मीळ आहे, कारण तो स्वतः माणसाला टाळतो. अंधार पडू लागला की बाहेर पडतो. चितळ, सांबर, रानडुकराबरोबर जंगलाच्या कडेचे भटके कुत्रे हेही त्याचं मोठं खाद्य आहे, आणि कुत्रे येतात उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे. जंगलाला लागून राहत असाल तर सोसायटीचा कचरा झाकणं हा बिबट्यापासूनचा सर्वांत खात्रीचा बचाव आहे.

वाटेवर समोरासमोर आलाच तर धावू नका, खाली बसू नका, पाठ फिरवू नका. लहान मुलाला उचलून घ्या. गटाने एकत्र या, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि त्याला निघून जायला वाट द्या. फोटोसाठी पुढे जाऊ नका. एकट्याने, पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधारात, कानात हेडफोन घालून जंगलाच्या कडेने फिरणं टाळा. जंगलाबाहेर, वस्तीत बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

८. लहान धोके, जे खरोखर गाठतात

बिबट्याची भीती सगळ्यांना असते; त्रास होतो तो माकडं, गोचीड आणि खाजकुयलीचा.

कान्हेरीची माकडं पिशवीच्या आवाजावर येतात. हातात खाणं दिसू देऊ नका, आणि खायला घालू तर मुळीच नका. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

हिवाळ्यात खाजकुयलीच्या सोनेरी लवेच्या शेंगा वाटेवर लोंबतात. दिसायला मखमल, लागली की अंग आगीत घातल्यासारखं होतं. लागल्यास चोळू नका. चिकटपट्टी लावून लव ओढून काढा, मग धुवा. गवतातून चालून आल्यावर मोजे, कंबर, कानामागे गोचीड तपासा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

साप आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी, आणि पावसाळ्यात फांदीवर हिरवा चापडा. पाय कुठे पडतो आणि हात कुठे टेकतो हे बघत चाललात तर भेटीची शक्यता फार कमी. दंश झालाच तर चीर देणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं यांतलं काहीच करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, ११२ किंवा १०८ वर फोन करून थेट मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात न्या. सापाला पकडायच्या मागे लागू नका.

९. पाड्यांतून जाताना

जंगलात आणि काठावर वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. ही माणसं इथे शहराच्या आधीपासून राहतात. अंगणातून वाट जात असेल तर विचारून जा, माणसांचे, घरांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. वाघोबा या देवाचं ठाणं दिसलं तर चप्पल काढून, लांबून नमस्कार करा. बिबट्यासोबत राहण्याची रीत या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळली आहे. प्रवेशद्वारापाशी किंवा कान्हेरीच्या पायथ्याशी मावशी काकड्या, करवंदं, जांभळं घेऊन बसतात. खायचं असेल तर त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस करू नका. झाडावरचं स्वतः तोडू नका. बी, पीस, दगड यांतलं काहीही उचलून घरी आणायचं नाही, कायद्यानेही नाही.

१०. घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी वही उघडून तारीख, वेळ, वाट आणि पाहिलेलं लिहून काढा. पक्षी ई-बर्डवर आणि बाकी सगळं आय-नॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या या संकेतस्थळांवर टाकलंत तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. घरटं, घुबडाची ढोली, बिबट्याची जागा मात्र कुठेही उघड करू नका. फोटोतलं लोकेशन बंद करून मगच तो पाठवा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसं कॅमेरे घेऊन उभी असतील.

पुढची वाट ठरवताना जागा बदलण्यापेक्षा महिना बदला. शिलोंडा एकदा जुलैत आणि एकदा मार्चमध्ये करा. त्यानंतर पनवेलजवळचं कर्नाळा किंवा वसईमागचं तुंगारेश्वर. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांतलं काहीही चालत नाही. परवानगीचे नियम प्रत्येक अभयारण्यात वेगळे असतात, तेव्हा निघण्याआधी तिथल्या वनकार्यालयात फोन करून विचारा.